मोडेमशी ओळख – भाग ९ : झेडमोडेम बसवताना

मागच्या भागात मोडेमने नंबर फिरवला, पलीकडच्या मोडेमशी त्याचं जुळलं आणि पडद्यावर बुलेटिन बोर्डाचा मेन्यू उमटला. आता फाइल उतरवायची. मजकुरातलं एखादं अक्षर फोनच्या खरखरीत बिघडलं तर वाचणारा समजून घेतो. झिप फाइलमधला एक बाइट बिघडला तरी ती निकामी होऊ शकते. म्हणून प्रोटोकॉल हवा.

शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या एक्समोडेमची रीत सरळ आहे. १२८ बाइटांचा ब्लॉक धाडायचा, पोच आली की पुढचा, नाहीतर तोच पुन्हा. पण २४०० बिट्सच्या मोडेमवरून सेकंदाला २४० बाइट जातात. म्हणजे एक ब्लॉक अर्ध्या सेकंदात संपतो आणि पोच येईपर्यंत लाइन नुसती पडून राहते. टेलेनेटसारख्या पॅकेट नेटवर्कवर पोच यायला आणखी उशीर होई. त्यावर उपाय म्हणून चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये झेडमोडेम तयार केला. तो पोचेसाठी अडून बसत नाही, बाइट ओततच राहतो. काही बिघडलं तर घेणारा एवढंच कळवतो की अमुक बाइटापासून पुन्हा दे. फोन मध्येच कटला तरी हाच निरोप कामी येतो आणि फाइल जिथे तुटली तिथून पुढे सुरू होते. रात्री उशिरा वीस मिनिटं उतरवलेलं सगळं वाया जाण्याचं दुःख ज्यांनी सोसलंय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण टेलिक्स या मोडेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये झेडमोडेम निवडला की काम झालं, असं समजू नका. आधी आल्ट-पी दाबून आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट हे नक्की करा. सात बिटांवर मेन्यू छान दिसतो, फाइल मात्र येत नाही. मग हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे आरटीएस-सीटीएस, चालू करा. झेडमोडेम स्वतःहून थांबत नाही; मोडेमचा बफर भरला की त्याला थोपवायचं काम केबलमधल्या या दोन तारांचं. ही सेटिंग चुकली की चुकांचा आकडा वाढत जातो आणि त्या काळी लोक उगाच टेलिफोन खात्याला दोष देत.

पलीकडून फाइल निघताना पडद्यावर दोन तारका, बी हे अक्षर आणि त्यामागे शून्यांची रांग दिसली, तर घाबरू नका. ती झेडमोडेमची हाक आहे. ऑटो-डाउनलोड चालू असेल तर टेलिक्स ती ओळखून कामाला लागतं. बंद असेल तर पेज-डाउन दाबून झेडमोडेम निवडा. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केल्यावर शेल अकाउंटवाल्यांनाही, म्हणजे सर्व्हरवर नुसत्या मजकुरी आज्ञा टाइप करून काम करणाऱ्यांनाही, हीच हाक उपयोगी पडली. फाइल आधी एफटीपीने सर्व्हरवर आणायची, मग ‘एसझेड’ आणि फाइलचं नाव टाइप करून घरच्या संगणकावर ओढायची.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तुटलेली फाइल पुढे चालू करताना साधारणपणे नाव आणि लांबी एवढंच पाहिलं जातं. त्याच नावाची जुनी आवृत्ती डिस्कवर असेल तर नवीचं शेपूट जुनीला चिकटतं. म्हणून ती आधी दुसऱ्या नावाने ठेवा.

पुढच्या आठवड्यात कोलंबिया विद्यापीठात घडलेला, सात बिटांच्या लाइनवरूनही फाइल नेणारा कर्मिट.