बर्नर पेटत नाही, तेव्हा आधी काय बघायचं?

ज्वलनावर संशोधन करायला लॅबमध्ये आलात की हा प्रसंग कधी ना कधी येणारच. डिझेलचा बर्नर सुरू करता, ब्लोअर फिरतो, काही सेकंद जातात आणि कंट्रोलरवर लाल दिवा लागतो. लॉकआउट! हात आपोआप रिसेटच्या बटणाकडे जातो.

एकदा दाबा, फार तर. पुन्हा पुन्हा नको. दर प्रयत्नात नोझल काही सेकंद तेल फवारतं. ते पेटलं नाही तर चेंबरच्या तळाशी साचतं, चेंबर गरम असेल तर त्याची वाफ होते. मग पाचव्या-सहाव्या वेळी ठिणगी पडली की सगळं एकदम भडकतं, चेंबरचं दारसुद्धा उडू शकतं. मुळात लॉकआउट हा बिघाड नाहीच. ज्योत दिसली नाही म्हणून तेल बंद करणारी ती सोय आहे.

क्रम असा असतो: ब्लोअर आतली जुनी हवा बाहेर काढतो, ठिणगी सुरू होते, सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडून तेल सुटतं, फोटोसेलला ज्योत दिसते. म्हणून ‘का पेटत नाही?’ यापेक्षा ‘कुठे थांबतंय?’ हे विचारा.

काचेतून बघत राहा. ज्योत नीट आली आणि तरीही लॉकआउट झालं, तर तेल-ठिणगीच्या मागे लागू नका. फोटोसेलवर काजळी असेल, ती पुसा. ज्योत नाही, पण धुरांड्यातून पांढरट वाफ आणि डिझेलचा वास येतोय, तर तेल पोचतंय. मग बहुधा ठिणगी गायब आहे: इलेक्ट्रोडची टोकं झिजली असतील, अंतर बिघडलं असेल, पोर्सेलिनला तडा गेला असेल. (ट्रान्सफॉर्मर साधारण 10,000 व्होल्ट देतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय बोट लावायचं नाही.) वासही नाही, वाफही नाही? मग तेलच येत नाहीये.

इथे बरेच जण प्रेशर गेजला फसतात. काटा 10 बारवर आहे, म्हणजे तेल ठीक, असं ठरवून टाकतात. पण गेज पंपावर बसवलेला असतो. सोलेनॉइड उघडलाच नाही किंवा नोझल चोंदलं, तरी काटा तिथेच दिसणार! गेज फक्त पंपापर्यंतची हमी देतो. काटा वरच जात नसेल तर मात्र मागे जा: टाकी, फिल्टर, पाइपमध्ये शिरलेली हवा, मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नोझल आणि इलेक्ट्रोड एकदम बदललेत तर बर्नर पेटेल, पण गाइडने कारण विचारलं की काय सांगणार? प्रत्येक बदल वेळेसकट वहीत लिहा. पुढच्या प्रयत्नाआधी साचलेलं तेल पुसून काढा आणि वास पूर्ण जाईपर्यंत नुसता ब्लोअर चालवा.