लैंगिक अत्याचारानंतरचे पहिले बहात्तर तास : वैद्यकीय, कायदेशीर व मानसिक आधार
(विशेष संदर्भ : अंबड तालुका, जि. जालना)

प्रस्तावना :
लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली विद्यार्थिनी अनेकदा पोलीस ठाण्यात प्रथम जात नाही. ती मैत्रिणीला, आईला किंवा विश्वासातील अध्यापिकेला सांगते. अंबडसारख्या तालुक्याच्या गावी पोलीस ठाणे, दवाखाना आणि महाविद्यालय येथील माणसे परस्परांच्या ओळखीची असतात. त्यामुळे बोभाटा होईल, ही भीती अत्याचाराइतकीच जाचक ठरते. 'आधी गुन्हा नोंदवा, मग उपचार' असा गैरसमजही समाजात रूढ आहे. या गैरसमजात जे तास वाया जातात ते पुन्हा मिळत नाहीत. उपचार, कायदा व मानसिक आधार यांचा योग्य क्रम स्पष्ट करणे आणि त्यातील अध्यापकाचे स्थान निश्चित करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
या विषयातील भारतीय कायद्याला वळण देणारी घटना महाराष्ट्रातच घडली. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा सुनावली. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नसणे, हे तिच्या संमतीचे लक्षण मानले गेले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालाची चिकित्सा केली. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. अध्यापकांनी मौन सोडल्याने काय घडू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

वैद्यकीय आधार :
उपचार हा तक्रारीवर अवलंबून नसलेला स्वतंत्र हक्क आहे. शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार केले पाहिजेत, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सांगते. उपचार नाकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० अन्वये गुन्हा आहे. रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते. तथापि प्रौढ पीडितेची तक्रारीची इच्छा नसल्यास तिचा नकार लेखी नोंदविला जातो, उपचार थांबत नाहीत.

एचआयव्ही प्रतिबंधक औषधे लवकरात लवकर व जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम जितका उशीर तितका कमी होतो. धनुर्वात व कावीळ-ब यांवरील लस, तसेच लैंगिक संसर्गावरील औषधे यांचाही उपचारात समावेश असतो. तपासणीपूर्वी स्नान न करणे व कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवणे पुराव्याच्या दृष्टीने हितावह असते. मात्र स्नान झाले किंवा दिवस उलटले म्हणून तपासणी निरर्थक ठरत नाही. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अयोग्य ठरविली. २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनास दोषी ठरेल, असे स्पष्ट केले. गर्भधारणा झाल्यास २०२१ च्या दुरुस्तीनुसार अशा स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे.

कायदेशीर आधार :
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदविता येते. जालना जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. उसाच्या फडावर अत्याचार झालेली स्त्री गावी परतल्यावर आपल्या तालुक्यातील ठाण्यात तक्रार देऊ शकते; 'तिकडे जा' असे तिला सांगता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवावयाचा असून अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जालना येथील जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या 'मनोधैर्य' योजनेतून अर्थसाहाय्य व पुनर्वसनाची तरतूद आहे.

मानसिक आधार :
भीतीने शरीर गोठणे, घटनेचा क्रम तुटक आठवणे, भावनाशून्य दिसणे या आघाताच्या स्वाभाविक प्रतिक्रिया आहेत. त्या खोटेपणाच्या खुणा नव्हेत. 'तेथे का गेलीस?', 'ओरडली का नाहीस?' असे प्रश्न देसाईगंजच्या निकालातील चूकच पुन्हा करतात. 'तुझा दोष नाही' हे एक वाक्य आणि पुढील प्रत्येक पाऊल तिला विचारून टाकणे, हा पहिला उपचार होय. मुंबईतील वांद्रे येथील भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्राने समुपदेशन हा रुग्णालयीन सेवेचाच भाग असू शकतो, हे दाखवून दिले. महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, विधी साहाय्यासाठी १५१०० व मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.

अध्यापकाची जबाबदारी :
येथे एक भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. विद्यार्थिनी अठरा वर्षांवरील असल्यास तक्रारीचा निर्णय तिचा असतो. अध्यापकाने तो तिच्यावर लादू नये. मात्र अकरावी-बारावीच्या बहुतेक विद्यार्थिनी अठरा वर्षांखालील असतात. अशा वेळी बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक असून, न कळविल्यास शिक्षेची तरतूद आहे. म्हणून 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन अल्पवयीन मुलीला कधीही देऊ नये. कोणाला व का सांगावे लागेल, हे तिला आधीच समजावून सांगावे. महाविद्यालयाची अंतर्गत समिती शिस्तभंगाची चौकशी करू शकते; परंतु ती पोलीस तपासाला पर्याय नाही, आणि संस्थेच्या नावलौकिकासाठी घडविलेली तडजोड तर मुळीच नाही.

समारोप :
प्रथम सुरक्षितता व उपचार, त्यासोबत मानसिक आधार आणि मग पीडितेच्या इच्छेने कायद्याची वाट, असा हा क्रम आहे. अल्पवयीन मुलीबाबत मात्र पोलिसांना कळविण्यास विलंब चालत नाही. उपरोक्त क्रमांक, जवळचे शासकीय रुग्णालय व विधी सेवा समितीचा पत्ता प्रत्येक विभागात लावणे, तसेच वर्षारंभी अध्यापकांना या तरतुदींची माहिती देणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयाला स्वबळावर करता येते. कायदा पुस्तकात पुरेसा आहे. तो पीडितेपर्यंत वेळेत पोहोचतो की नाही, हे पुष्कळदा तिचे बोलणे प्रथम ऐकणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून असते.