बंदरातली घड्याळं

जागतिक बँकेचा लॉजिस्टिक्सविषयीचा अहवाल २०२३ साली आला, तेव्हा आपल्याकडच्या सरकारी पत्रकांनी त्यातला एक आकडा उचलून धरला : ०.९. कंटेनरचं जहाज भारतीय बंदरात आलं की सरासरी ०.९ दिवसात बाहेर पडतं. अमेरिकेत त्याला दीड दिवस लागतो, सिंगापुरात एक. एकूण क्रमवारीतही भारत १३९ देशांत ३८वा आला होता. २०१४ साली तो ५४वा होता. आकडा काही खोटा नव्हता. पण उरण-पनवेल पट्ट्यात ट्रेलर चालवणाऱ्या माणसाला तो सांगितला असता, तर तो हसला असता, आणि त्याचंही चुकलं नसतं. अहवालाचं घड्याळ जहाजाला लावलेलं होतं, त्याचं स्वतःचं घड्याळ गेटबाहेरच्या रांगेत चालू होतं.

बंदरात अशी बरीच घड्याळं एकाच वेळी चालतात. जहाज नांगर टाकतं, पायलट चढतो, दोर धक्क्याला बांधले जातात, क्रेन पहिला कंटेनर उचलते, शेवटचा उचलते, जहाज सुटतं. हे एक घड्याळ, आणि ते शिपिंग कंपनीला प्यारं, कारण उभ्या जहाजाचं भाडं तिच्या अंगावर पडतं. उतरलेला कंटेनर यार्डात किती पडून राहतो हे दुसरं. आयातीचं कागदपत्र, म्हणजे बिल ऑफ एंट्री, दाखल झाल्यापासून माल सोडायची कस्टमची परवानगी, म्हणजे ‘आउट ऑफ चार्ज’, मिळेपर्यंत तिसरं. ट्रेलर गेटमधून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत चौथं. यातलं कोणतं भिंतीवर टांगायचं आणि कोणतं खिशात ठेवायचं, यावर बंदराचं अर्धं राजकारण चालतं.

आकड्यांनी बंदर हाकण्याची कल्पना तशी जुनीच. पण बराच काळ बंदरं वर्षाच्या शेवटी एकच गोष्ट सांगत : इतके टन माल हाताळला. टनांवरून व्यापार कळतो, काम कसं झालं ते कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ‘अंक्टाड’ या व्यापारविषयक संस्थेने १९७६ साली बंदरांच्या कामगिरीच्या निर्देशकांवर एक पुस्तिका काढली. विकसनशील देशांच्या बंदरांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेत आर्थिक निर्देशक होते आणि कामकाजाचेही : जहाजाने किती वाट पाहिली, धक्क्यावर किती तास काढले, त्यातले किती तास खरोखर काम चालू होतं, कामगारांच्या एका टोळीने तासाला किती टन उचलले, टोळी किती वेळ रिकामी बसली. आज पडद्यावर रंगीत आलेख दिसतात त्यांचा सांगाडा बहुतेक तिथलाच आहे. फरक इतकाच की तेव्हा हे कारकून वहीत भरत असे, आता सेन्सर भरतो.

या यादीतला सर्वांत फसवा निर्देशक मला वाटतो तो धक्क्याच्या वापराचा. वर्षातल्या एकूण तासांपैकी किती तास धक्क्याला जहाज लागलेलं होतं, त्याची टक्केवारी. ती ९० वर गेली की एखाद्या कारखानदाराला आनंदच होईल, यंत्र रिकामं राहिलं नाही म्हणून. रांगेचं गणित मात्र उलटं बोलतं. हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९च्या सुमारास मांडायला घेतलं. त्याच्यासमोर प्रश्न होता फोनच्या कॉलचा, पण बंदराला ते जसंच्या तसं लागू पडलं. समजा धक्का एकच आहे, जहाजं वाटेल तेव्हा येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-जास्त, पण सरासरी २० तास आहे. धक्का निम्मा वेळ भरलेला असेल तर येणाऱ्या जहाजाला सरासरी २० तास थांबावं लागतं. वापर ८० टक्क्यांवर गेला की ८० तास. ९० टक्क्यांवर १८० तास, म्हणजे साडेसात दिवस! शेवटच्या १० टक्क्यांसाठी बाहेरच्या समुद्रात १०० तास जास्त जळतात. म्हणूनच अंक्टाडने पुढे सुचवलेल्या मर्यादा ऐकायला आळशी वाटतात : धक्का एकच असेल तर ४० टक्के, पाच असतील तर ६५, सहा ते दहा असतील तर ७०. कंटेनरची जहाजं ठरलेल्या ‘विंडो’त येतात, त्यामुळे त्यांचं गणित थोडं सैल असतं. पण वादळाने किंवा युद्धाने वेळापत्रक विस्कटलं की तीही एर्लांगच्या तावडीत येतात.

आता न्हावा शेव्याकडे येऊ. मुंबई बंदरावरचा भार हलका करायला हे बंदर १९८९ साली सुरू झालं. त्याआधी, १९८४च्या जानेवारीत, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला होता. बंदराच्या कोणत्याही निर्देशकात ही नोंद बसत नाही. उरणमध्ये मात्र ती कुणी विसरत नाही. १९९९ साली इथे देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल चालू झालं आणि आकड्यांना धार आली. एकाच खाडीत, एकाच भरती-ओहोटीवर, शेजारशेजारी दोन टर्मिनल. आपल्याकडे उशीर होतो तो पाण्यामुळे, पावसामुळे, कस्टममुळे, ही कारणं शेजाऱ्यालाही तितकीच लागू असल्याने सांगायची सोय राहिली नाही. आज इथे पाच टर्मिनल आहेत आणि २०२४-२५ मध्ये त्यांनी मिळून सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याचं माप; चाळीस फुटी डबा दोन टीईयू धरतात.

देशातल्या प्रमुख बंदरांत जहाजाचा सरासरी मुक्काम २०१३-१४ मध्ये सुमारे ९४ तास होता, तो २०२३-२४ पर्यंत ४८ तासांवर आला, असं केंद्र सरकार सांगतं. यात तेल, कोळसा, खत सगळी जहाजं धरलेली आहेत, म्हणून तो ०.९ दिवसांपेक्षा मोठा दिसतो. सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. पण आपल्या बंदरांच्या हिशेबात एक खास देशी सोय आहे, तिची ओळख व्हायला हवी. जहाजाने वाट पाहिली तर ती ‘पोर्ट अकाउंट’ची की ‘नॉन-पोर्ट अकाउंट’ची, हे ठरवलं जातं. धक्का रिकामा नव्हता, तर दोष बंदराचा. कागदपत्रं तयार नव्हती, माल आला नव्हता, तर दोष इतरांचा. विभागणी मुळात रास्त आहे, दुसऱ्याचं पाप बंदराने का घ्यावं? मात्र उशीर कोणाच्या खात्यात टाकायचा हे जो ठरवतो, त्याचीच परीक्षा त्या खात्यावरून होणार असेल, तर खातं कोणत्या बाजूला फुगेल हे सांगायला ज्योतिषी नको.

कंटेनरच्या मुक्कामाचंही तसंच. न्हावा शेव्याला उतरलेला डबा पूर्वी सर्रास सीएफएसमध्ये जायचा. आसपास अशी तीसहून अधिक कंटेनर गोदामं उभी राहिली. डबा एक-दोन दिवसांत बंदराबाहेर पडला की बंदराचं घड्याळ थांबायचं. सीएफएसमध्ये तो आणखी काही दिवस बसायचा, कस्टमची तपासणी व्हायची, भाडं चढायचं. माल मागवणाऱ्याच्या दृष्टीने डबा अजून अडकलेलाच, बंदराच्या तक्त्यात मात्र सुटलेला. म्हणून २०१६-१७ पासून रेटलेली थेट बंदरातून डिलिव्हरी, म्हणजे ‘डीपीडी’, ही माझ्या मते रंगीत पडद्यांपेक्षा मोठी सुधारणा. तिने उशीर एका घड्याळातून दुसऱ्यात ढकलला नाही, मधलं घड्याळच काढून टाकलं.

मधली घड्याळं दिसायला लागली ती टॅगमुळे. २०१६च्या जुलैत न्हावा शेव्यात ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ सुरू झाली. डब्याला आरएफआयडीचा छोटा टॅग लावायचा. मग टोलनाका, सीएफएस, रेल्वेचा डेपो जिथे जिथे रीडर असेल तिथे तो डबा आपोआप हजेरी लावतो. कोणत्या सीएफएसमध्ये डबे किती बसतात, कोणत्या रस्त्यावर रखडतात, हे कुणाला विचारावं लागत नाही. जागतिक बँकेच्या त्याच अहवालात विशाखापट्टणमचा दाखला आहे : मालाचा माग काढणारी यंत्रणा आल्यावर तिथला मुक्काम २०१५ मधल्या ३२.४ दिवसांवरून २०१९ मध्ये ५.३ दिवसांवर आला. टॅगने डबा हलवला नाही, हे उघड आहे. डबा कोणाच्या दारात पडून आहे ते सर्वांना दिसू लागलं, आणि मग तो हलला.

कस्टमचा ‘टाइम रिलीज स्टडी’ही वाचण्यासारखा असतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या मालाचा टप्प्याटप्प्याने माग काढतात. आयातीसाठी बंदरांना दिलेलं लक्ष्य ४८ तासांचं. गंमत अशी की यात कस्टमखेरीज इतरही उघडे पडतात. शुल्क ठरून झालं तरी आयातदार ते भरायला वेळ लावतो. निर्यातीत कस्टमची परवानगी मिळाल्यावर माल जहाजाची वाट पाहत बसतो. वर्षानुवर्षं ज्या खिडकीला शिव्या घातल्या, तिच्या पलीकडचेही तास आपल्याच बाजूचे निघावेत, हे व्यापाऱ्यांना गोड वाटलं नसणार.

क्रमवाऱ्यांबद्दल मात्र मला धास्ती वाटते. जागतिक बँक कंटेनर बंदरांचीही क्रमवारी लावते. २०२३च्या यादीत विशाखापट्टणम पहिल्या वीसांत, मुंद्रा २७व्या, न्हावा शेवा ९६व्या जागी, आणि ४०५ बंदरांत तळाला केप टाउन. विशाखापट्टणम आदल्या वर्षी शंभराच्या बाहेर होतं. केप टाउनला वारा सुटला की क्रेन बंद ठेवाव्या लागतात. यंत्रं जुनी झाल्याची तक्रार आहेच, पण वाऱ्याला काय दंड करणार? एका वर्षात शंभर पायऱ्या चढता येत असतील तर तितक्याच उतरताही येतील, हे अभिनंदनाच्या पत्रकात कोणी लिहीत नाही.

मोजणीची जागा बदलली की चित्र कसं बदलतं, हे लॉस एंजेलिस आणि लाँग बीचने दाखवलं. २०२१ मध्ये करोनानंतरच्या खरेदीमुळे तिथे जहाजांची रीघ लागली; किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांना दिसे. नोव्हेंबरमध्ये नवी पद्धत आली. जहाजाने दूर समुद्रातच, सुमारे १५० मैलांवर, थांबायचं, नंबर मात्र लागलेला असेल. दाटी कमी झाली, हवा सुधारली, टक्कर व्हायचा धोका टळला. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटलं रांग संपली. प्रत्यक्षात जानेवारी २०२२ मध्ये ती १०९ जहाजांवर, विक्रमाला, पोचली. तिथल्या लोकांनी दूरची जहाजं मोजणं सोडलं नाही म्हणून हे कळलं. त्याच सुमाराला या बंदरांनी पडून राहिलेल्या डब्यांवर दिवसागणिक वाढणारा दंड जाहीर केला. दंड पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला, कधी वसूल झालाच नाही, तरी जुने डबे भराभर हलले. दरवेळी इतका स्वस्त इलाज मिळत नाही.

आणि आकडेच गेले तर? २७ जून २०१७ला ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं संगणकजाळं पाडलं. न्हावा शेव्यातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. क्रेन शाबूत, रस्ता शाबूत, माणसं हजर, पण कोणता डबा कोणाचा आणि यार्डात कुठे ठेवलाय हे सांगणारा पडदा काळा. ट्रेलर रस्त्यात अडकले. मर्स्कचं जाळं पुन्हा उभं राहिलं ते घानातल्या कार्यालयातल्या एका सर्व्हरमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो तेवढा वाचला होता. लोडशेडिंग भोगलेल्या मराठी वाचकाला यातला आनंद वेगळा समजवायला नको.

आता राहिला ट्रेलरवाला. त्याचा वेळ कोणी मोजतच नाही असं नाही. खासगी टर्मिनलशी होणाऱ्या करारांच्या नमुन्यात ट्रेलरच्या फेरीचा वेळ हा कामगिरीचा निकष आहे. पण ती फेरी गेटपासून गेटपर्यंतची. करळ फाट्यापासून गेटपर्यंतची रांग करारात नाही. न्हावा शेव्यात ४५ हेक्टरांचा सामायिक वाहनतळ झाला, त्याने रस्त्यावरची कोंडी हलकी केली, चालकाला सावली आणि शौचालय मिळालं. तिथे घालवलेले तास मात्र रांगेचे धरायचे की विश्रांतीचे? शिवाय सरासरी ट्रेलरवाल्याच्या काही कामाची नाही. समजा दहांपैकी नऊ जण एका तासात सुटले आणि एक अकरा तासांनी, तर सरासरी दोन तास, आणि तक्ता हिरवा. त्या दहाव्याची त्या दिवशीची दुसरी खेप बुडालेली असते. टर्मिनलनिहाय, आठवड्यागणिक, सर्वांत रखडलेल्या पाच टक्के गाड्यांचा वेळ जाहीर करा एवढीच मागणी पुरेशी आहे. त्या पाच टक्क्यांच्या आकड्याला सरासरीत लपता येणार नाही.

डहाणूजवळ वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर उभं राहतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. न्हावा शेव्याचं प्राधिकरण त्यात ७४ टक्क्यांचं भागीदार, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड २६ टक्क्यांचं. तिथे काय मोजायचं हे करार लिहिले जाण्याआधी ठरवायला हवं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे, त्यांच्या बोटींचे फेरे, जाळ्यात येणारा माल यांची आजची नोंद कोणी करून ठेवली नाही, तर दहा वर्षांनी नुकसान झालं की नाही यावर नुसती भांडणं होतील.

ट्रेलरवाल्यांना मात्र थांबायची गरज नाही. लॉस एंजेलिसच्या बंदरात ट्रकमालकांच्या संघटनेने आपल्याच गाड्यांच्या जीपीएसवरून प्रत्येक टर्मिनलचा खरा वेळ, गेटबाहेरच्या रांगेसकट, काढायला आणि छापायला सुरुवात केली. उरणच्या वाहतूकदारांच्या गाड्यांनाही जीपीएस आहे, आणि गाडी कुठे उभी आहे ते मालक रोज मोबाइलवर बघतो. हे आकडे एकत्र करायला बंदराची परवानगी लागत नाही.