शिक्षण मोठे की चारित्र्य? कडाव परिसरातले चार गैरसमज

कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे कडाव हे आजूबाजूच्या पाड्या-वाड्यांचे बाजाराचे गाव. दहावी-बारावीचे निकाल लागले की इथे दरवर्षी तोच वाद सुरू होतो. कोणी म्हणते, शिकल्याशिवाय पोराचे काही खरे नाही. लगेच उत्तर येते, डिग्री घेऊन घरी बसलेले ढीगभर आहेत, पोरगा वळणाचा असला म्हणजे झाले. या वादात शिक्षण आणि चारित्र्य एकमेकांचे वैरी ठरतात. त्याची सर्वांत मोठी किंमत कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरची मुले मोजतात. म्हणून या वादातली नेहमीची विधाने एकदा तपासून घेतली पाहिजेत.

"शिकलेलेच बेकार फिरतात, मग शिकून उपयोग काय?"

या विधानाला आकड्यांचा आधार आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भारतातील रोजगारावरील २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये फक्त ३.४ टक्के. म्हणजे अडाणी राहिलेले बरे, असा निष्कर्ष काही जण काढतात.

पण पाहणीत बेरोजगार कोणाला म्हणतात? जो काम शोधतो आहे आणि ज्याला ते मिळत नाही, त्याला. ज्याच्या घरात चार दिवसांचे धान्य नाही, तो शोधत बसू शकत नाही. तो वीटभट्टीवर जातो, बांधकामावर जातो, फार्महाऊसवर गवत काढतो आणि मोजणीत 'कामाला असलेला' ठरतो. ३.४ टक्के हा सुबत्तेचा आकडा नाही, तो नाइलाजाचा आहे. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार केला, तर शाळेचे एक जास्तीचे वर्ष कमाईत सरासरी सुमारे नऊ टक्क्यांची भर घालते.

तक्रारीत तथ्य आहे ते वेगळ्या जागी. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३ च्या अहवालासाठी देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यांतल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सहज वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले. पुढच्या वर्गात जाणे आणि शिकणे यांत एवढे अंतर पडले आहे. त्यावरचा उपाय नीट शिकवणे हा आहे. शाळा सोडणे हा नव्हे.

कर्जत-खालापुरात आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. जमिनीला भाव आला आहे, एजंटी केली तरी गाडी दारात येते, पुस्तके कशाला? जमीन एकदाच विकली जाते, हे तर आहेच. शिवाय सातबारा, कुळाची नोंद, खरेदीखत हे सगळे लिखित व्यवहार आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे ज्याला वाचता येते, तो कोऱ्या कागदावर अंगठा देत नाही.

"थोर माणसे कुठे शिकली होती?"

वसंतदादा पाटलांचे नाव इथे हमखास येते. दादांचे शालेय शिक्षण थोडेच झाले होते आणि तरीही ते मुख्यमंत्री झाले, हे खरे. पण त्यांनीच १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या धोरणाच्या बऱ्यावाईट परिणामांवर वाद होऊ शकतो, पण शिक्षणावाचून अडत नाही असे दादांना वाटत नव्हते, हे उघड आहे. गाडगेबाबा निरक्षर होते. त्यांच्या कीर्तनांचा एक मुख्य आग्रह होता, वाटेल ते करा पण मुलांना शिकवा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनाच तिची किंमत सर्वांत नेमकी कळली होती. त्यांचे नाव घेऊन पोराला शाळेतून काढणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

"जास्त शिकला की माणूस बिघडतो, गावाचा राहत नाही"

हे कर्जत तालुक्यात तरी कोणी म्हणू नये. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. पुण्यात शिकून ते पदवीधर झाले, वकील झाले. त्या काळी वकिलीत पैसा होता, मान होता. ते परत आले. सावकाराच्या पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी त्यांनी धान्यकोठी काढली, मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या 'आझाद दस्त्या'ने मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

आता यांतले काय शिक्षणाच्या खात्यावर टाकायचे आणि काय चारित्र्याच्या? धान्यकोठी काढायला सावकारी व्याजाचा हिशोब कळावा लागतो, आणि ती चालवायला लोकांचा विश्वास लागतो. सावकाराची वही वाचता आली म्हणून त्यांना अन्याय दिसला, आणि दिसलेला अन्याय सहन झाला नाही म्हणून ते वकिली सोडून रानात गेले. एक गोष्ट काढून घेतली तर दुसरी अपुरी राहते. शील नसलेला शिकलेला माणूस समाजाला घातक ठरतो, असा इशारा डॉ. आंबेडकरांनीही दिला होता. पण शिकू नका, असे त्यांनी चुकूनही सुचवले नाही.

"वाडीवरच्या पोरांना चिकाटीच नसते"

माझ्या मते हा या चारांतला सर्वांत घातक गैरसमज. तो बहुधा चांगल्या माणसांच्या तोंडून येतो. शाळा आहे, वसतिगृह आहे, पुस्तके फुकट आहेत, तरी पोरे टिकत नाहीत, म्हणजे जिद्द कमी, असे ते मानतात.

चिकाटीबद्दल जगात बरेच संशोधन झाले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लहान मुलासमोर मार्शमेलो ही मऊ, गोड मिठाई ठेवायची. मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन देईन, असे सांगून बाहेर जायचे. जी मुले जास्त वेळ थांबली ती पुढे अभ्यासातही सरस ठरली, असे दिसले आणि संयमावर व्याख्याने सुरू झाली. पण मिशेल यांची मुले मुख्यतः विद्यापीठाच्या परिसरातल्या घरांतली होती. २०१८ मध्ये वेगवेगळ्या थरांतल्या ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला गेला. तो निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर उरलेल्यातलाही बराचसा विरून गेला.

त्याआधी सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉचेस्टर विद्यापीठात एक छोटा प्रयोग केला होता. मुले २८ च होती. चित्रे काढायला चांगले रंग आणून देतो, असे मुलांना आधी सांगितले गेले. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांना, माफ कर, आपल्याकडे नाहीत, असे उत्तर मिळाले. मग तोच मिठाईचा प्रयोग झाला. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, फसवली गेलेली जेमतेम तीन. मुले तशीच होती, फरक मोठ्या माणसांच्या वागण्यात होता.

आता कातकरी मुलाचे वर्ष पाहा. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. आई-बापाने पावसाळ्यात पोटासाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीनंतर गाडी वाडीवर येते आणि घरचे घर वीटभट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. मधले निम्मे शालेय वर्ष गेलेले असते. परतल्यावर वर्गात काय चालले आहे ते कळत नाही. त्यातच शिष्यवृत्ती लांबली, शिक्षकाची जागा रिकामी राहिली, एसटी आली नाही, की पुढच्या वेळी हातात येणारी रोजची मजुरीच त्या मुलाला खरी वाटते. त्याच्या अनुभवाच्या हिशोबाने ते चुकत नाही. भट्टीवर दिवसभर विटा वाहणाऱ्या मुलाला चिकाटी नाही, असे म्हणायला जीभ कशी रेटते?

चारित्र्य घरातूनच घेऊन यावे लागते, हेही खरे नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांवर अभ्यास झाला. त्यांतल्या काहींना चांगली बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. बालवाडीतल्या मुलांनी बुद्धिमापनात घेतलेली आघाडी काही वर्षांतच ओसरली. तरीही चाळिशीत पाहिले तेव्हा त्यांच्यात शालेय शिक्षण पूर्ण केलेले जास्त होते, कमाई जास्त होती आणि अटकेचे प्रसंग कमी होते. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी या माहितीचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या मते हा फायदा मुख्यतः वागण्याच्या सवयींतून आला. ज्याला आपण वळण म्हणतो, ते चांगली शाळा लावू शकते.

म्हणून कडाव परिसरातले शिक्षक, पालक, भट्टीमालक आणि फार्महाऊसवाले या सगळ्यांना विनंती आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. गाडी वाडीवर येण्याआधी ते मुलाच्या हाती द्या आणि भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसवा. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळालाच पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणाने तो नाकारता येत नाही. शाळा सुटून गेलेल्या मोठ्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसता येते. यातले काही त्यांना सांगितलेत, तर तेवढे शेवटपर्यंत पार पाडा.