कर्लीवर उभं राहताना

रविवारी पहाटे सहाच्या सुमारास मी मालवणहून स्कूटर काढते. तारकर्ली मागे पडली की जमिनीची पट्टी अरुंद होत जाते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्लीची खाडी, मधे माड आणि घरं. देवबागला आबांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, अंगणात स्कूटर लावते. खड्ड्यांतून आलेली कंबर थोडी मोकळी होईपर्यंत पाच मिनिटं चालते आणि मगच खाडीकडे उतरते.

कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून आता आठ वर्षं झाली. पतसंस्थेच्या काउंटरवर २२ वर्षं बसून काम केलेलं. डाव्या पायाला पोटरीपर्यंत मुंग्या यायच्या, सकाळी तोंड धुवायला वाकता यायचं नाही. पहिली दोन वर्षं मी एकच उपाय केला: दुखलं की आडवं व्हायचं. प्रत्येक वेळी झोपून उठले की कंबर आधीपेक्षा जास्त घाबरलेली असायची. भीतीनं मी आणखी कमी हलायचे, आणि कमी हलल्यानं कंबर आणखी कमजोर व्हायची. शेवटी एका फिजिओथेरपिस्टबाईंनी मला जमिनीवर ओणवं केलं आणि उजवा हात पुढे, डावा पाय मागे लांब करायला लावलं. त्या म्हणाल्या, "तुमची कंबर विश्रांती मागत नाहीये, काम मागतेय. पण ते बेतानं द्यायचं." हा व्यायाम कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेल्या तीन व्यायामांपैकी एक. मी तो सहा महिने न चुकवता केला. वल्हवायच्या बोर्डावर पाय ठेवला तो त्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

उभं राहून वल्हवायचा हा खेळ हवाईचा. वायकीकीच्या किनाऱ्यावरची मुलं गेल्या शतकाच्या मध्याला लाटेवरच्या फळीवर उभी राहून, होडीचं वल्हं मारत पर्यटकांच्या आसपास फिरायची. त्याला आजचं रूप आलं ते २००० च्या आसपास, लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी तो पुन्हा हाती घेतल्यावर. आमच्या खाडीत मात्र उभ्यानं होडी चालवणं कुणालाच नवीन नाही. उथळ पाण्यात आबा आयुष्यभर होडीत उभे राहून काठीनं रेटत आले. वॉटर स्पोर्ट्स चालवणारा वाडीतला मुलगा मला म्हणाला, "ताई, बोर्डावर नुसत्या बसून तरी बघा," तेव्हा आबा पायरीवर बसून बघत होते.

बोर्ड हवेचा. साडेदहा फूट लांब, ३३ इंच रुंद, सहा इंच जाड. आतून हजारो धाग्यांनी वरची-खालची बाजू बांधलेली असते, त्यामुळे तो गादीसारखा फुगत नाही, फळीसारखा ताठ राहतो. वल्ह्याची लांबी हात वर केला की मनगटापर्यंत यावी. आखूड घेतलं तर दर फटक्याला वाकावं लागतं, आणि ते वाकणं नेमकं दुखऱ्या जागीच येतं. भाड्यानं घेताना लोक हे बघतच नाहीत.

गुडघाभर पाण्यात बोर्ड न्यायचा, खालचे फिन वाळूला लागणार नाहीत इतका आत. मधोमध उचलायची मूठ असते, तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायचे. पहिले दोन रविवार मी गुडघ्यांवरच वल्हवत फिरले. तिसऱ्या रविवारी त्या मुलानं सांगितलं, "आता उठा, पण घाई नाही." वल्हं समोर आडवं ठेवलं, दोन्ही हात बोर्डावर. उजवा तळवा गुडघ्याच्या जागी आणला, मग डावा. आता मी उकिडवी, हात अजून खाली. इथून उठताना कंबरेनं वर यायचं नाही, आधी छाती वर आणायची आणि मग मांड्यांनी उठायचं. घरी खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव मी महिनाभर केला होता तो यासाठीच. उभी राहिले. पाय थरथर कापायला लागले आणि बोर्डाच्या दोन्ही कडांना बारीक लाटा फुटायला लागल्या. माझं सगळं लक्ष त्या लाटांकडे.

पायरीवरून आबांचा आवाज आला, "पायांकडे बघू नको गो. फुडे माडाक बघ."

पलीकडच्या काठावरच्या एका माडाकडे नजर लावली आणि थरथर निम्म्यानं कमी झाली. खाली बघितलं की डोकं पुढे जातं, डोक्यामागून खांदे जातात, आणि तो सगळा भार कंबरेला सावरावा लागतो. नजर लांब ठेवली की गुडघे आपोआप थोडे सैल सुटतात आणि पाण्याचं हलणं घोटे-गुडघ्यांतच जिरतं. त्या दिवशी माझे तळवे मात्र भरून आले, कारण पायाची बोटं बोर्डाला आवळून धरली होती. बोटं सोडायला शिकायला मला दीड महिना लागला.

त्या थरथरीबद्दल नंतर वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली दाखवून दिलं की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या क्षणभर आधीच पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आवळला जातो. कंबरदुखीच्या माणसांत तो उशिरा जागा होतो. म्हणजे हात निघून जातो आणि कंबर बेसावध सापडते. बोर्डावर बेसावध राहायची सोय नाही. पाणी दर क्षणी थोडं इकडे, थोडं तिकडे करतं आणि शरीर न सांगता सावरत राहतं. माझ्या कंबरेला जाग आली ती यातूनच, असं मला अनुभवानं वाटतं. गोल्ड कोस्टच्या बाँड विद्यापीठातही न शिकलेल्या माणसांना सहा आठवडे हा खेळ शिकवून बघितला. त्यांचा दम वाढला आणि धडाच्या स्नायूंची टिकून राहायची ताकदही वाढली.

वल्हं मारणं हा वेगळा धडा. मी सुरुवातीला हातांनी ओढायचे. दहा मिनिटांत खांदे भरायचे आणि मागोमाग कंबर धरायची. आबा पुन्हा पायरीवरूनच, "हातान नाय, आंगान वल्हव." म्हणजे काय, ते कळायला वेळ गेला. वल्ह्याचं पातं पुढे, पायाच्या बोटांच्याही पुढे नेऊन पूर्ण बुडवायचं. मग वरच्या हातानं दांडा खाली दाबायचा आणि धड, खांदे, खुबे सगळं एकत्र वळवत बोर्डालाच वल्ह्यापर्यंत आणायचं. पातं घोट्याशी आलं की बाहेर. तिथून मागे ओढलं तर पुढे जायला काही मिळत नाही, फक्त पाठ वाकते आणि वाकलेल्या पाठीला पीळ पडतो. सरकलेल्या गादीला याच्याइतकं वाईट काही नाही. पाच-सहा फटके झाले की बाजू बदलायची, दुखरी बाजू असो वा चांगली.

कुठल्या दिवशी पाण्यात उतरायचं ते मी कालनिर्णयावरून ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ निघते, हा कोकणातला जुना ढोबळ हिशेब. नवमीला पावणेसात. शिवाय अष्टमी-नवमीला भांग असतो, पाण्याला ओढ कमी. रविवार आणि नवमी जुळली की सातला खाडी परातीतल्या पाण्यासारखी स्थिर असते. षष्ठीला भरती साडेचारलाच होऊन गेलेली, म्हणजे सातला पाणी संगमाकडे, समुद्राकडे ओढतं. हिवाळ्यात सकाळचा मतलई वाराही तिकडेच ढकलतो. अशा दिवशी दमलेली कंबर घेऊन उलट्या पाण्यातून परतणं म्हणजे आठवडाभराची दुखापत. म्हणून जाताना पाणी अंगावर घ्यायचं आणि येताना पाठीवर. लाइफ जॅकेट कायम. बोर्डाची दोरी मी घोट्याला न बांधता कमरेच्या पट्ट्याला लावते, तो एका झटक्यात सुटतो. खाडीत जाळ्यांचे खुंट असतात, त्यात दोरी अडकली तर पायाशी वाकून सोडवायला वेळ मिळत नाही.

या सगळ्यात माझी कंबर पाण्यावर एकदाही गेली नाही. ती गेली काठावर.

दुसऱ्या वर्षी मी स्वतःचा बोर्ड घेतला. तेव्हा स्कूटरच्या पायाशी ठेवलेली १२ किलोची पिशवी मी वाकून, वळून उचलली. मग हातपंपानं हवा भरायला घेतली. बोर्डात साधारण १५ पीएसआय हवा लागते. पहिली सात-आठ मिनिटं पंप हलका जातो, तेवढ्यात बोर्डाला आकार येतो आणि माणूस फसतो. खरा जोर त्यानंतर. प्रत्येक दाबाला सगळं अंग पंपावर टाकावं लागतं. मी गुडघे ताठ ठेवून, कमरेतून वाकून दाबत राहिले. तेराव्या पीएसआयला कमरेत कुणी चिमटा घट्ट धरावा तसं झालं आणि मी पंपाला धरून तशीच थांबले. त्या दिवशी बोर्ड पाण्याला लागला नाही. नऊ दिवस मी कामावर गेले नाही.

त्यानंतर हातपंपाला हात लावलेला नाही. बोर्ड आबांच्या मांगरात सावलीला फुगवलेलाच असतो. उन्हानं हवा तापून दाब वाढतो, म्हणून रविवारी वापर झाला की थोडी हवा सोडून ठेवायची. पुढच्या खेपेला बॅटरीच्या पंपानं वर भरायची. पाण्यापर्यंत नेतानाही मधल्या मुठीला धरून एका हातात लोंबकळवत नाही, तसं केलं की धड एका अंगाला कलतं. डोक्यावर चुंबळ ठेवते आणि त्यावर बोर्ड, दोन्ही हातांनी धरून. माझी आजी याच वाटेनं माशांची पाटी अशीच न्यायची. भार मधोमध आला की पाठ ताठ राहते. कोणी सोबत असेल तर दोघं मिळून उचलतो.

पडण्याचंही शिकावं लागतं. तोल गेला की बोर्डाला कवटाळायचं नाही, बाजूला पाण्यात आडवं पडायचं, कारण उथळ खाडीत उभं किंवा डोक्यावर पडणं धोक्याचं. परत चढताना आधी पाय मारत शरीर पाण्याच्या पृष्ठभागावर आडवं आणायचं, मूठ धरायची आणि पोटावर सरकत वर यायचं.

हा खेळ कंबरेचं औषध आहे असं मी म्हणत नाही. या खेळात होणाऱ्या दुखापतींत खांद्याखालोखाल कंबरेचाच नंबर लागतो, आणि ते मी स्वतः भोगलं आहे. मुंग्या अजून येतात, वर्षातून दोन-तीनदा. पण सकाळी तोंड धुवायला मी आता वाकते आणि काउंटरवर दर अर्ध्या तासाला उठते. पाण्यावर ४० मिनिटं झाली की कितीही छान वाटत असलं तरी परत फिरते.

पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर बोर्डाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बाकी जुनी कंबर घेऊन बसलेल्यांनी आधी जमिनीवरचे व्यायाम करा आणि डॉक्टरांना विचारून, ओळखीच्या माणसाबरोबर, नवमीचा रविवार बघून या. पहिले दोन रविवार गुडघ्यांवरच वल्हवा. आणि बोर्ड दुसऱ्याला उचलू द्या.