मधुमेह्याच्या रक्तातील कॅल्शियम व आहार

मधुमेह्याची तहान वाढली व त्याला वारंवार लघवी होऊ लागली, की त्याचा दोष सहसा शर्करेला दिला जातो. परंतु हीच लक्षणे रक्तातील कॅल्शियम वाढल्यानेही उद्भवतात. प्रौढांत त्याचे प्रमाण १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. ते बरेच वाढले, म्हणजे मूत्ररोधी संप्रेरकास मूत्रपिंडे पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. शरीरातील पाणी घटते व कॅल्शियम आणखी चढते. लघवीवाटे शर्करा जात असल्यास ही जलहानी अधिकच वाढते.

अशा वेळी प्रथम दूध बंद करण्याकडे कल असतो. वस्तुतः दोष आहारात क्वचितच असतो. बहुतेक रुग्णांत परावटु ग्रंथींचा अतिस्राव किंवा कर्करोग हे कारण आढळते. पैकी परावटु-विकारात आहारातील कॅल्शियम फार कमी केल्यास संप्रेरकाचा स्राव उलट वाढू शकतो. ड जीवनसत्त्वाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांचा अतिरेक, तसेच रक्तदाबासाठी दिली जाणारी थायाझाइड औषधे, यांची चौकशी मात्र अवश्य करावी.

तात्पर्य, शर्करा आटोक्यात असूनही तहान शमत नसेल, तर कॅल्शियम मोजावे. ते वाढलेले आढळल्यास परावटु-संप्रेरकही मोजावे. पथ्याचा विचार त्यानंतरचा.