जखम भरली, खाज उरली

ठाण्याहून खाडीपूल ओलांडून कशेळीत शिरलं की दुतर्फा गोदामं लागतात. पुढे भिवंडीचे यंत्रमाग आणि सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने. सायझिंगमध्ये वाफेवर शिजणारी खळ अंगावर उडाली तर पाण्यासारखी ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहते. असा भाजलेला कामगार महिन्याभराने रुग्णालयातून घरी येतो आणि रात्ररात्र खाजवत बसतो. घरचे म्हणतात, ‘‘खाज सुटली ना, म्हणजे जखम भरतेय.’’

हे अर्धंच खरं. नेदरलँड्समधल्या रुग्णांची एक पाहणी २००८मध्ये प्रसिद्ध झाली. भाजल्यानंतर तीन महिन्यांनी ८७ टक्के जणांना खाज होती आणि दोन वर्षांनीही ६७ टक्क्यांना. तोवर जखमा केव्हाच भरलेल्या असतात.

सुरुवातीला त्वचेतल्या मास्ट पेशी खाज आणणारं हिस्टामिन सोडतात. त्यात तेलग्रंथी जळालेल्या, म्हणून नवी कातडी कोरडी ठाक. हिस्टामिनला दाद देणारे, खाजेचा निरोप अगदी सावकाश नेणारे बारीक चेतातंतू १९९७मध्ये जर्मन संशोधकांनी माणसात शोधून काढले. भाजलेल्या जागी चेतातंतू पुन्हा वाढतात तेव्हा कारण नसतानाही निरोप धाडत राहतात. मज्जारज्जूही त्यांना जास्तच दाद देऊ लागतो. सदोष वायरिंगमुळे उगाच वाजणाऱ्या घंटेसारखं हे आहे. मग हिस्टामिनला रोखणारी नुसती सेट्रिझिनची गोळी कशी पुरणार?

दिल्लीच्या लोकनायक रुग्णालयातले डॉ. राजीव आहुजा आणि सहकाऱ्यांनी ६० रुग्णांवर तुलना केली (२०११). चेतासंस्थेवर काम करणारं गॅबापेंटिन सेट्रिझिनपेक्षा बरंच सरस ठरलं. मात्र त्याने झोप येते, गरगरतं. टेम्पो चालवणाऱ्याने किंवा मागावर उभं राहणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्राही कमी लागते.

औषधाइतकंच महत्त्व साध्या खोबरेल तेलाला. जखम पूर्ण मिटल्यावर दिवसातून दोन-तीनदा, बोटांच्या पेरांनी, हलक्या हाताने चोळायचं. नखाने नाही, कारण नव्या कातडीला लगेच फोड येतात. दाबाचे घट्ट कपडे दिवसाचे तेवीस तास घाला, असं सांगितलं जातं. पत्र्याच्या घरात मे महिन्यात ते कोण पाळणार? निदान रात्री तरी घालावेत. आणि कढत पाण्याची आंघोळ बंद.

खाज एकाएकी वाढली, पू किंवा दुर्गंधी आली, तर ती जंतुसंसर्गाची शक्यता. अशा वेळी तेल थांबवून ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणी दाखवावं.